बसऱ्याचे आजोबा

दापोली तालुक्यातील आमच्या घरी, माजघराच्या कोपऱ्यातल्या मिठाच्या मडक्यावर एक जाड, वाटोळे, काळपट धातूचे झाकण असे. ते कुठल्याच भांड्याचे मूळचे झाकण नव्हे, हे लहान मुलालाही कळावे, कारण त्याला धरायला मूठ नव्हती आणि मडक्याच्या तोंडावर ते नीट बसतही नसे. मिठाच्या ओलीने त्याच्या कडेला हिरवी पुटे चढत. सणावारी आजी ते चिंचेने घासून काढी, तेव्हा त्यावरचे चित्र उजळून निघे: हातात त्रिशूळ घेतलेली एक उभी बाई, तिच्यापुढे सिंह, आणि बाजूला पाण्यातून उसळणारे दोन मासे. त्रिशूळ आहे, सिंह आहे, तर मग ही देवी देव्हाऱ्यात का नाही, असे मी एकदा विचारले होते. "ती आपली देवी नव्हे," एवढेच आजी म्हणाली आणि झाकण पुन्हा मडक्यावर ठेवून तिने हात धुतले.

पुढे शाळेत इंग्रजी अक्षरांशी ओळख झाल्यावर कडेने कोरलेला मजकूर मी लावून वाचला. हा मनुष्य स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, अशा अर्थाचे ते वाक्य होते, आणि सिंहाच्या डोक्यावरच्या चौकटीत माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचे नाव होते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी कांस्याची पदके पाठवली. तेरा लाखांहून अधिक पदके ओतली गेली, आणि त्यांतले एक समुद्र ओलांडून, मग घाट उतरून की बोटीने ते ठाऊक नाही, आमच्या घरी आले. मेलेल्या माणसाचा हुद्दा त्यावर मुद्दाम घातलेला नसे, कारण मरणात सारे सारखे, असे म्हणे धोरण होते. हे धोरण किती खोलवर गेले होते, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले.

घरात त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' म्हणत. त्यांचा फोटो नव्हता, एकही पत्र शिल्लक नव्हते. त्यांच्या मागे उरली ती त्यांची बायको, जिला सारे घर काकी म्हणे. आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा काकी चाळिशीच्या आसपास होती, आणि सरकारी पेन्शन घेण्यासाठी ती दापोलीच्या कचेरीत चालत जात असे. आपण जिवंत आहोत आणि आपण दुसरे लग्न केलेले नाही, असा दाखला तिला दरवेळी द्यावा लागे. घरात रोख पैसा आणणारे ते एकच माणूस, म्हणून तिचा मान होता, आणि त्याच कारणाने तिच्याविषयी थोडी अढीही होती, हे आजी मोकळेपणाने सांगे. पदकाचे झाकण करण्याचे काम काकीनेच केले. खाल्ल्या मिठाला जागण्यासाठी जो गेला, त्याच्या नावाने आलेली चकती तिने नेमकी मिठावर ठेवली, यात तिचा काही हेतू होता, की त्या मापाचे दुसरे झाकण घरात नव्हते, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

आजोबांच्या मरणाची तिथी कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे त्यांचा म्हाळ सर्वपित्री अमावास्येला होई. त्या दिवशी पानात खीर, वडे, भाजी वाढून झाल्यावर काकी मूठभर सुकी आमसुले पानाच्या मधोमध ठेवी. चटणी वाटून नव्हे, तशीच. शेजारच्या गावातील एक शिपाई लढाई संपल्यावर परत आला होता. तो काकीला भेटायला आला आणि आजोबांविषयी फारसे काही न बोलता एवढेच म्हणाला, की तिकडे आंबट काही मिळत नव्हते. ते वाक्य काकीने धरून ठेवले. आम्हाला ते एका दुःखी बाईचे वेड वाटे.

२००३ च्या मार्च महिन्यात, ओटीवरच्या टीव्हीसमोर आजी पाय पसरून बसली होती, आणि बातम्यांत एकाएकी इराकमधल्या बसऱ्याचे नाव आले. ब्रिटिश नौसैनिक २० मार्चला फाव नावाच्या भूशिरावर उतरले होते आणि बसऱ्याकडे निघाले होते. आजीला ऐकू कमी येई, पण तो शब्द तिने बरोबर टिपला. "तिथली लढाई अजून चाललीय?" तिने विचारले. आम्ही हसलो. नंतर मी वाचू लागलो तेव्हा त्या हसण्याची मला लाज वाटली, कारण १९१४ च्या नोव्हेंबरची ६ तारीख, हिंदुस्थानातून गेलेली फौज आणि तेच फावचे भूशिर माझ्यासमोर आले.

बसरा हे नाव आमच्या किनाऱ्याला परके कधीच नव्हते. नथीतले चांगले मोती ते बसऱ्याचे, खजूर तोही बसऱ्याचा. अरबी समुद्राच्या दोन काठांची ये-जा वाऱ्यावर चाले, आणि पलीकडचे बंदर आमच्या बायकांच्या नाकात नि मुलांच्या तोंडात होते. पण मोती आणि खजूर तिकडून इकडे येत. १९१४ साली उलट दिशेने माल गेला, तो माणसांचा.

ही माणसे का गेली, याचे उत्तर पराक्रमाच्या पोवाड्यात शोधण्यात अर्थ नाही. खोताच्या जमिनीवर भात आणि नाचणी काढायची, खोताचा वाटा घालायचा, उरलेल्यात शिमग्यापर्यंत पोचले तर नशीब. घरातला एक मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, कोकणी मुसलमानांचा मुलगा बोटीवर खलाशी होई, आणि छाती भरली तर मराठ्याचा मुलगा पलटणीत. शिपायाला महिन्याचे ११ रुपये मिळत. मराठा पलटणींचे 'कोकणी' आणि 'दख्खनी' असे भरतीचे दोन मोठे साठे होते, आणि त्यांतला पहिला म्हणजे मुख्यत्वे आमचा रत्नागिरी जिल्हा. याच तालुक्यांतील महारांना मात्र, पिढ्यान्‌पिढ्या बॉम्बे आर्मीत सुभेदारीपर्यंत चढलेले असूनही, १८९० च्या दशकाच्या आरंभी भरतीचे दार बंद झाले होते. ते उघडावे म्हणून महारांचे पुढारी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, आणि सरकारला जाग आली ती १९१७ मध्ये, माणसे कमी पडू लागल्यावर. तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्याच्या लढाईत मरायला जाण्याचा हक्कसुद्धा मागून घ्यावा लागे, यावरून घरच्या परिस्थितीचा अंदाज करावा.

बसऱ्याचे आजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची १६वी ब्रिगेड, जिच्यात ही पलटण होती, ती १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली आणि २३ तारखेला बाहरिनच्या समुद्रात जाऊन थांबली. ब्रिटनने तुर्कस्तानाशी युद्ध पुकारले ते ५ नोव्हेंबरला. म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या वीस दिवस आधी युद्धाला निघालेल्या बोटींत आमच्या घरचा माणूस बसलेला होता. कोणाशी लढायचे, हे त्याला बोटीवर चढताना कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही, कारण चढवणाऱ्यांनाही ते तोपर्यंत उघडपणे म्हणता येत नव्हते.

कारण होते तेलाचे. इराणात मस्जिद-इ-सुलेमान येथे १९०८ मध्ये तेल लागले, अबादानला शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागले, आणि १९१४ च्या उन्हाळ्यात आरमारमंत्री चर्चिल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला. कारखाना नदीच्या एका काठाला आणि पलीकडच्या काठाला तुर्कांचा मुलूख. अरब शेखांवर वचक राहावा आणि आखात आपल्याच हातात राहावे, हे हिंदुस्थान सरकारचे जुने दुखणेही त्याला जोडलेले होते. इथवर व्यवहार समजतो. आपल्या विहिरीवर राखण ठेवायला माणूस पाठवावा, तसा तो आहे.

पुढे जे झाले ते समजून घ्यायला कोकणातल्या माणसाला युद्धशास्त्राची गरज नाही, त्याने गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सरकवणारा शेजारी पाहिलेला असतो. कलमांना गुरे लागू नयेत म्हणून हा मनुष्य गडगा घालतो. मग गडग्याला धोका नको म्हणून पुढच्या पायवाटेवर हक्क सांगतो, पायवाट सुरक्षित राहावी म्हणून तिच्या पलीकडचा परसू, आणि परसवाला भांडायला आला की अखेर त्याचे घर. दरवेळी त्याचे कारण खरे असते आणि दरवेळी ते आधीच्या चुकीतून निघालेले असते. अबादानच्या रक्षणासाठी २२ नोव्हेंबर १९१४ ला बसरा घेतले, बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना, कुर्न्याच्या रक्षणासाठी जूनमध्ये अमारा, अमाऱ्याची कूस झाकण्यासाठी जुलैत नासिरिया, दोन्हींच्या रक्षणासाठी सप्टेंबरअखेर कूत, आणि कूत घेतल्यावर बगदाद हाकेच्या अंतरावर दिसू लागले. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत नाचक्की झालेली होती, तेव्हा कुठेतरी विजय हवा होता. लंडनच्या मंत्र्यांना हवा होता, सिमल्याच्या सरकारला हवा होता, बसऱ्यात बसलेल्या जनरल निक्सन यांना तर फारच हवा होता. पुढे नेण्यासाठी नदीत पुरेशा बोटी नाहीत, औषधे नाहीत, जखमींना मागे आणायची सोय नाही, या गोष्टी विजयाच्या आड आल्या नाहीत.

मराठा पलटणींनी या चढाईत जे केले ते उणे लेखण्याचा माझा मुळीच विचार नाही. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे ११० आणि ११७ या दोन्ही पलटणी होत्या, आणि तीन दिवसांच्या त्या लढाईत बसरा राहते की जाते असा प्रसंग होता. मेअखेरीस कुर्न्याजवळ सगळा मुलूख पुराखाली गेला, तेव्हा १७व्या ब्रिगेडला, ज्यात १०३वी मराठा लाइट इन्फंट्री होती, बेलम नावाच्या लांबोळक्या होड्यांत बसवून, बांबूने ढकलत ढकलत, लव्हाळ्यांतून हल्ल्याला पाठवले गेले. खाडीकाठच्या पोरांना ही होडी हाकायला कोणी शिकवले नसेल. पण २२ नोव्हेंबर १९१५ पासून बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, त्या प्राचीन कमानीच्या साक्षीने, जे झाले त्यात सहाव्या डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची साडेचार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, आणि उरलेल्यांना घेऊन ते मागे फिरले. जखमींना उघड्या गाड्यांतून नदीपर्यंत आणले आणि तराफ्यांसारख्या पडावांवर एकमेकांवर रचून बसऱ्याला पाठवले. मलमूत्राने बरबटलेली ती बोट बसऱ्याच्या धक्क्याला लागताना पाहणाऱ्या एका डॉक्टरने जे लिहिले, ते पुढे चौकशीत वाचले गेले तेव्हा इंग्लंड हादरले. ते लिहिल्याबद्दल त्या डॉक्टरलाच आधी दम मिळाला होता.

३ डिसेंबरला फौज, तिच्यात ११७वी पलटणही, कूतला पोचली आणि ७ डिसेंबरला तिच्याभोवती तुर्कांचा वेढा पडला. तैग्रिस नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेले ते मातीच्या घरांचे गाव. १४७ दिवस. सोडवायला आलेल्या फौजेने चार महिने धडका मारल्या, आणि आत अडकलेल्या सुमारे १३,००० माणसांसाठी बाहेर सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचला, तरी तो कोणाला सुचला असेल हे मला कळत नाही. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. रसद घेऊन निघालेली एक बोट शत्रूच्या हाती लागली. शेवटी लॉरेन्स आणि हर्बर्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पाठवून तुर्की सेनापती खलील पाशा यांना आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले, तेही त्यांनी नाकारले.

या १४७ दिवसांत आतल्या हिंदी शिपायांपुढे घोड्याचे मांस आले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसे मुसलमानांनीही, बहुतांशी नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी पुष्कळजण अगदी एप्रिलपर्यंत अडून राहिले. आज याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होता येते. पण संमती देणारा धर्मगुरू वेगळा आणि गावच्या पंगतीत बसू देणारे चार लोक वेगळे, हे त्या शिपायाला पक्के ठाऊक होते. त्याला त्या मुलखातून जिवंत सुटायचे होते ते त्याच पंगतीत परत बसण्यासाठी. मांस नाही, भाजी नाही, मूठभर जवाचे पीठ आणि मैदानातले रानगवत. मग हिरड्या सुजू लागल्या, जुन्या जखमा उलू लागल्या, पाय काळेनिळे पडले. हा स्कर्व्ही, आंबट आणि ताजे न मिळाल्याने होणारा रोग.

हे वाचताना मी थांबलो, कारण पानाच्या मधोमध ठेवलेली ती मूठभर आमसुले माझ्या डोळ्यांपुढे आली.

कूत पडले २९ एप्रिल १९१६ ला. त्या दिवसांत आमच्या परसात कैऱ्यांचा खच पडतो, करवंदे काळी होऊ लागलेली असतात, रातांबे पिकू लागतात, आणि फोडलेल्या सालींना रस पाजून त्या उन्हात वाळत घातलेल्या अंगणातून चालताना तळपाय लाल होतात. जगात आंबटाची एवढी रेलचेल जिथे असते तिथला माणूस आंबटावाचून झिजला. आणि गंमत, गंमत हा शब्द इथे बरा नव्हे पण दुसरा सुचत नाही, पुढची आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हजारो हिंदी शिपाई स्कर्व्हीने निकामी झाल्यावर या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले, आणि लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी चिंच, आमचूर आणि कोकम यांची गिनिपिगांवर परीक्षा करून १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. गुण आहे, पण ताज्या फळाच्या मानाने थोडा. म्हणजे ज्या वर्षी लढाईवरून परतलेली माणसे गावोगाव पोचत होती, त्याच सुमाराला कोकम स्कर्व्हीवर चालते का, याचा शोध लंडनमध्ये चालू होता, आणि आमच्या काकीने तो एका वाक्यावरून लावून टाकला होता. तिचे औषध थोडे उशिरा पोचत होते एवढेच.

कैदेचे वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्याविषयी लिहिताना शब्द फुगतात. वेढ्यात अर्धमेल्या झालेल्या माणसांना उन्हाळ्यात बगदाद, मोसुल आणि पुढे वाळवंटातून चालवत नेले आणि रास अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावले. गोऱ्या शिपायांपैकी सत्तर टक्के मेले. हिंदी शिपायांपैकी मेलेले आणि पत्ता न लागलेले मिळून सुमारे तीन हजार. जनरल टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला, नोकरचाकर मिळाले आणि कैदेत असतानाच 'सर' हा किताबही मिळाला.

हे युद्ध कोणाला नको होते? हे आपण कोणाला विचारतो, यावर उत्तर अवलंबून होते. बसऱ्यात १९१६ च्या आरंभी १५व्या लान्सर्सच्या मुसलमान घोडेस्वारांनी आपल्या पवित्र क्षेत्रांच्या मुलखात स्वधर्मीयांविरुद्ध चालून जाण्यास नकार दिला आणि शिक्षा भोगली. आमच्या किनाऱ्याने असा नकार दिल्याचे मला कुठे आढळले नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी मंडालेहून सुटून आल्यावर १९१४ मध्ये सरकारला मदतीचे आश्वासन दिले होते, पण तो सौदा होता, भक्ती नव्हे. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. इंग्लंडमध्ये लोक चिडले ते १९१७ च्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर, म्हणजे बगदाद जिंकून झाल्यावर. त्या अहवालाने भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्ट १९१७ ला हिंदुस्थानाला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली. आपल्या घटनात्मक इतिहासाच्या पुस्तकांत या घोषणेपासून प्रकरण सुरू होते. तिच्या मागे कूतची हाडे आहेत, हे मला शाळेत कोणी शिकवले नाही.

आमच्या गावाला मिळालेला परिणाम वेगळा होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत तापाची साथ दिसली, गिरण्यांच्या चाळींत ती पसरली, आणि चाकरमानी गावाकडे पळाले. घरात 'तापसरीचे साल' म्हणून त्याचा उल्लेख होई. देशभरात त्या साथीने कोटीच्या वर माणसे नेली.

जनरल मॉड यांनी मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतले तेव्हा जाहीरनामा काढला, की आमच्या फौजा जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, दोस्त राष्ट्रांच्या सान रेमोच्या बैठकीत इराकचा ताबा ब्रिटनकडे गेला आणि मुक्त झालेले लोक उठले. तो उठाव मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी गेल्या. १९२१ मध्ये फैजल यांना राजा केले. आमचा रुपया मात्र तिथे १९३२ पर्यंत चालत राहिला.

पुढे तेलाच्या पैशाने त्याच आखातात आमच्या मोहल्ल्यांतली मुले जाऊ लागली. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळले तेव्हा आमच्या शेजारच्या चाचांचा मुलगा सहा आठवडे बेपत्ता होता. बसरा, बगदाद करत तो बसने अम्मानला पोचला आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरला. लाखाहून अधिक भारतीयांना असे विमानांनी परत आणले गेले. तो घरी आला त्या दिवशी आजी त्याच्या आईकडे गेली आणि "आमच्या बसऱ्याला कोणी आणलं नाही गो," असे म्हणून रडली, हे मला आईने नंतर सांगितले.

म्हणून २००३ मधला आजीचा प्रश्न वेडगळ नव्हता. या वेळी कारण होते सर्वसंहारक शस्त्रांचे. शस्त्रे सापडली नाहीत, तेव्हा कारण लोकशाहीचे झाले, मग दहशतवादाचे. गडगा सरकत राहिला. लंडनच्या रस्त्यांवर युद्धाआधीच, १५ फेब्रुवारीला, लाखो लोक उतरले होते, त्याचा उपयोग झाला नाही. ब्रिटनमधल्या चिलकॉट चौकशीचा बारा खंडी अहवाल २०१६ मध्ये आला आणि युद्ध हा शेवटचा उपाय म्हणून केलेले नव्हते, असे त्याने सांगितले. १९१७ च्या अहवालाने एक मंत्री तरी गेला होता. इराकी मृतांचे अंदाज एक लाखाच्या पुढेच सुरू होतात आणि कुठे थांबतात यावर एकमत नाही.

दिल्लीने त्या वर्षी दोन गोष्टी केल्या. एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला, त्यात हिंदीत 'निंदा' हा शब्द घातला. मराठी कानाला तो जरा विनोदी वाटतो, कारण आपल्याकडे निंदा पाठीमागे करतात आणि तोंडावर करतात तो निषेध. पण मुत्सद्द्यांना बहुधा हाच अर्थ सोयीचा होता. दुसरी गोष्ट मला मोठी वाटते. अमेरिकेने इराकसाठी सैन्य मागितले होते, आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने ते पाठवायला नकार दिला. १९१४ साली पुण्याची डिव्हिजन पाठवताना कोणाला विचारावे लागले नव्हते. ती बातमी मी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. "बरं केलं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

बसऱ्याला ब्रिटिशांनी उभारलेले एक प्रचंड स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांचे. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली, आणि हिंदी शिपायांची मात्र संख्या: अमुक पलटण, सुभेदार अमुक, जमादार तमुक, आणि इतर इतके हिंदी शिपाई. पदकावर हुद्दा नको, मरणात सारे सारखे, ते हे. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये या भेदाची कबुली देऊन माफी मागितली. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने बंदरातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन ठेवले. २००३ नंतर इराकमध्ये मेलेल्या ब्रिटिशांसाठी त्यांच्या सोबत्यांनी त्याच बसऱ्यात एक भिंत बांधली, तिच्यावर १७९ नावे लावली, आणि सैन्य परतले तेव्हा ती स्टॅफर्डशायरला नेऊन पुन्हा उभी केली. नेण्याजोगे काय असते, हे ज्याचे त्याला समजते.

आमच्या गावात शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धास इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मरण पावली. नावे तिथेही नाहीत, आणि शाळेला दरवर्षी चुना लावताना आकड्यांच्या खाचा इतक्या भरल्या आहेत की ते वाचता येत नाहीत.

आयोगाच्या नोंदवहीत मात्र नावे आहेत आणि ती आता संगणकावर पाहता येतात. आजी गेल्यानंतर चार वर्षांनी मी तिथे आजोबांना शोधले. गावाचे स्पेलिंग इतके विचित्र होते की पहिल्यांदा मी पुढे निघून गेलो होतो. शिपाई, ११७वी मराठा, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा. पलटणीतला क्रमांक. काकीचे नाव मला त्या दिवशी प्रथम कळले. आणि १९१६ च्या उन्हाळ्यातली एक तारीख.

मी जुन्या पंचांगावरून तिथी काढली आणि वडिलांना दाखवली. आता अमावास्येची गरज नाही, त्यांचा म्हाळ त्यांच्या तिथीला घालता येईल, असे मी म्हणालो. वडिलांनी चष्मा लावून यादी पाहिली, खाली सरकवायला सांगितली, पुन्हा वर घ्यायला सांगितली. त्याच पलटणीतल्या आणखी कितीतरी माणसांपुढे तीच तारीख होती.

"एवढी माणसं एका दिवशी मेली?" त्यांनी विचारले.

ती कचेरीतली तारीख असणार. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांच्यापुढे कोणी कारकुनाने घातलेली. मी तसे सांगितले.

"मग अमावास्याच राहू दे," वडील म्हणाले.

यंदाही म्हाळ त्याच दिवशी झाला. मिठाला आता प्लॅस्टिकची बरणी आहे आणि पदक कपाटात आहे. आईने पाने मांडली, खीर वाढली, वडे वाढले, आणि स्वयंपाकघरातून माझ्या मुलीला हाक मारून, मागच्या फळीवरची आमसुलांची बरणी घेऊन ये, असे सांगितले. चटणी वाटायची का, असे मुलीने विचारले. आई म्हणाली, नको, तशीच दे.